तीटचं पथ्य

माझ्या अक्षराला कुणी हसू नये एवढीच विनंती. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही हिंदी. मराठी फक्त घरात बोललेली. त्यामुळे ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं ते मला समजत नाही, आणि ओळ डावीकडून नीट निघाली तरी उजवीकडे पोचेपर्यंत खाली उतरते. आमच्या झाशीच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो. या वर्षी जुन्या माणसांनी आपापल्या कामाबद्दल लिहावं असं ठरलं. मंडळात शिक्षक आहेत, रेल्वेतले बाबू आहेत, फौजेतून निवृत्त झालेले आहेत. मी मागच्या रांगेत बसते. मला कुणी लिही म्हटलं नाही. पण घरी येऊन लिहायला बसले आहे. देण्याचं धाडस झालं नाही तर हे डाळीच्या डब्याखाली राहील.

माझं काम म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांची पोटं सांभाळणं. असं काम असतं हे मलाही आधी माहीत नव्हतं. छावणीत एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर मी स्वयंपाकाला होते. त्यांच्या पिल्लाचं पोट सारखं बिघडायचं. सदर बाजारात जनावरांचे एक डॉक्टर होते, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ते पथ्य सांगायचे, पण बंगल्यात ते पाळणार कोण? मेमसाब बाहेर, आणि ऑर्डर्ली प्रेमानं आपल्या ताटातलं पिल्लाला द्यायचा. मग मीच पिल्लाचं वेगळं पातेलं ठेवलं. पिल्लू सुधारलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, हाथ किसका है? मी पदर पुढे ओढून उभी राहिले. तेव्हापासून ते पोटाच्या तक्रारीचं पिल्लू आलं की पत्ता माझा द्यायचे. छावणीतले जवान मला पिल्लेवाली बाई म्हणू लागले. माझ्या मुलीला ते आवडायचं नाही. मला वाईट वाटायचं नाही.

काम असं असतं. सकाळी गिऱ्हाइकाच्या घरी गेलं की आधी पिल्लाच्या मागची बाजू बघायची, मग पुढची. विष्ठा पेढ्यासारखी वळलेली असेल तर ठीक. श्रीखंडासारखी असेल तर आदल्या दिवशीचं काहीतरी नडलेलं. कढीसारखी असली किंवा लाल दिसली तर मी हात लावत नाही, आधी डॉक्टर. या कामामुळे मला श्रीखंड अजून नकोसं वाटतं. खायला गिचका भात, कातडी काढून उकडलेली कोंबडी, लाल भोपळा. मीठ नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. थोडं थोडं, पुष्कळदा. नवीन पदार्थ एका वेळी एकच, आणि तो मानवला की नाही हे कळेपर्यंत दुसरा नाही. लोकांना नेमकं हेच जमत नाही. पिल्लू दोन दिवस बरं दिसलं की त्यांना लाड येतो.

डॉक्टर शेवटी एक पुडी द्यायचे. त्यात चांगले जंतू असतात म्हणायचे. मला ते खरं वाटेना. जंतू आणि चांगले? तेव्हा ते म्हणाले, "बाईजी, आँत में भी दही जमता है. ये पुड़िया जामन है. गरम में डालोगी तो जामन मर जाएगा." मग मला समजलं. आमच्याकडे विरजण कोमट दुधात लावतात, आणि लावलं की भांडं हलवत नाहीत. पिल्लाचं पोटही तसंच. भात निवल्यावरच पुडी कालवायची, आणि मग घरातल्या कुणी मध्ये हात घालायचा नाही. ताज्या ताकाचा चमचाही मी काहींना देत असे, पण सगळ्यांना ते मानवत नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. गरौठ्याचे एक शेतकरी टोपलीत पिल्लू घालून आले. ते त्याला म्हशीचं दूध पाजत होते, ताकदीसाठी. दूध बंद करा म्हटल्यावर ते रागावले. "हमाई भैंस खराब है का?" म्हणाले. म्हैस चांगली आहे, पिल्लू तिचं नाही, एवढंच मी म्हटलं. मानिक चौकातल्या एका कापडवाल्या लालाजींनी राखणीला मोठ्या जातीचं पिल्लू आणलं होतं. घरात अंड्याचं टरफलही चालत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, कोंबडीशिवाय हे उभं राहणार नाही. शेवटी लालाजींनी तोड काढली. दुपारचं जेवण पिल्लानं माझ्या घरी घ्यायचं. त्यांचा नोकर रोज त्याला गल्लीतून माझ्याकडे आणायचा आणि तोंड धुवून परत न्यायचा. लालाजी दुकानावरून मला विचारायचे, आज क्या खाया? मी तोंड उघडलं की म्हणायचे, रहने दो, मत बताओ.

असं पुष्कळ सांगता येईल. पण मी लिहायला बसले ती तीटसाठी.

तीट म्हणजे काळ्या रंगाची लॅब्राडोर कुत्री. साताऱ्याकडचे एक नायब सुभेदार होते, विलासभाऊ. त्यांच्या मोठ्या साहेबांच्या कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं सगळ्यात रोड पिल्लू उरलं. ते भाऊंनी घरी आणलं. नाव त्यांच्या बायकोनं ठेवलं. बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावतात तशी ही घरावरची तीट. थोड्याच दिवसांत भाऊंची बदली बर्फातल्या चौकीवर झाली. तिथं कुटुंब नेता येत नाही. क्वार्टरमध्ये उरल्या वहिनी, भाऊंची आई आणि तीट. वहिनी छावणीच्या बालवाडीत शिकवायला जायच्या. आईंना सगळे आक्का म्हणायचे. त्या कराडजवळच्या खेड्यातून पहिल्यांदाच इतक्या लांब आल्या होत्या. त्यांना हिंदी यायचं नाही. मी मराठी बोलते हे कळल्यावर त्यांनी माझा हात धरला तो पाणी प्यायला देईपर्यंत सोडला नाही. "तुझी मराठी जुन्या बाडातली हाय गं सुशे," म्हणायच्या. आमचं घराणं कधीकाळी फौजेबरोबर इकडे येऊन राहिलेलं. आमच्या घरात अजून काही शब्द असे आहेत जे देशावर कुणी बोलत नाही.

तीटचं पोट आल्यापासून वाईट होतं. बरगड्या मोजता याव्यात, अंगावरचे केस कोरडे. भाऊ चौकीवरून जेव्हा फोन मिळेल तेव्हा आधी आईची खबर घेत, मग लगेच तीटची. शिमग्याला ते सुट्टीवर यायचे होते. वहिनींचं म्हणणं एकच, ते येतील तोवर ही जगली पाहिजे, त्यांच्यासमोर मला मेलेल्या पिल्लाची गोष्ट सांगायची नाही.

मी पथ्य सुरू केलं. आठवडा गेला की तीट बरी व्हायची. शेपूट हलायची, पेढ्यापर्यंत गाडी यायची. आणि रविवारी सकाळी मी गेले की अंगणात कढी. डॉक्टरांनी तपासणी केली, जंताचं औषध पुन्हा दिलं, कोंबडी बंद करून मासा दिला. एरच गावाकडून बेतवा नदीची मासळी घेऊन येणारा एक माणूस होता, त्याच्याकडून काटे काढून घ्यायचे. काही उपयोग नाही. पुन्हा रविवार, पुन्हा तेच. तीट तर रोडावलीच, पण वहिनीही माझ्याकडे पूर्वीसारखं बघेनाशा झाल्या. एकदा म्हणाल्या, मावशी, तुम्ही देता ते तिला नडतंय का? त्यांचं चुकलं नव्हतं. माझ्याशिवाय कुणी तिला खायला देत नाही, असंच आम्ही सगळे समजत होतो.

डॉक्टर म्हणाले, सातों दिन देखो. शनिवारी संध्याकाळी मी कधी जात नसे. वहिनीही तेव्हा बाजारात असायच्या. त्या शनिवारी मी दिवेलागणीला गेले. दार उघडं होतं. आक्का मागे पाण्याच्या टाकीजवळ उकिडव्या बसल्या होत्या. हातात गव्हाची पोळी, मोहरीच्या तेलानं चपचपीत. तेलाचा वास दारापर्यंत येत होता. त्या तुकडा तोडायच्या, तोंडानं विलासचं नाव घ्यायच्या आणि तीटला भरवायच्या. तीट इतकी आनंदानं खात होती की मला तिचाही राग आला नाही.

त्यांनी मला बघितलं. लपवायचा प्रयत्न केला नाही. शेजारी हमीरपूरकडच्या एका हवालदाराचं बिऱ्हाड होतं. त्या बाईनं खुणा करकरून सांगितलं होतं, की इकडे शनीची पीडा टाळायला शनिवारी काळ्या कुत्र्याला तेलाची पोळी घालतात. अम्मा, तुम्हारे तो घर में ही काला कुत्ता है, म्हणाली होती. लोक काळं कुत्रं शोधत गावभर फिरतात. आक्कांच्या दारात मुलानंच बांधून ठेवलेलं.

मी म्हटलं, "आक्का, हिला पोळी सोसत नाही. तेल तर नाहीच."

"ते दिसतंय की मला. हिला जुलाब हुत्यात, चार दिसांनी ऱ्हात्यात. माझ्या पोराला काय झालं तर ते ऱ्हातं का?"

मी बोलण्यात कधीच हुशार नव्हते. टाकीच्या कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसले. तीट माझी बोटं चाटत होती आणि तेल माझ्या हाताला लागत होतं. मी सुचवलं की गल्लीत दुसरी काळी कुत्री आहेत, त्यांना घालू. त्या म्हणाल्या, ती त्याची न्हाईत. मी तिला तांदळाची भाकरी करून देते म्हटलं. भाकरी चालंल, पर त्याल पायजे, म्हणाल्या. बराच वेळ आम्ही असा बाजार केला. अखेर मी विचारलं, गावाकडे शनिवारी काय करत होता?

"मारुतीला त्याल घालायचे."

"मग इथंही मारुती आहे. मी नेते तुम्हाला."

"हितल्या मारुतीला आमची भाषा कळती का?"

"आमची माणसं किती पिढ्या त्याला मराठीतच गाऱ्हाणी घालतायत. आता त्याला हिंदीच कमी कळत असेल."

त्या हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मग उरलेल्या पोळीचं तेल पदराला पुसत म्हणाल्या, सुनेला सांगू नगंस.

मी सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, किसी ने कुछ खिलाया था? अब नहीं खिलाएगा, म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. ते तसे समंजस होते. दर शनिवारी मी आक्कांना घेऊन मारुतीला जाऊ लागले. त्या वाटीभर तेल घालायच्या आणि पुजाऱ्याशी मराठीत बोलायच्या, तो हाँ माताजी, हाँ माताजी करायचा. परत आल्यावर तीटला तांदळाच्या कोरड्या भाकरीचा तुकडा मिळायचा, तिला निदान शनिवार आहे हे कळावं म्हणून. त्यानंतर रविवार बिघडले नाहीत. पुडी तिला लागू पडली. थंडी सुरू झाली तेव्हा तिच्या पाठीवर हात फिरवला तर तो घसरायचा, इतकी तकाकी आली. वहिनींनी फोनवर भाऊंना सांगितलं, या आता, तुमची लेक तुम्हाला ओळखू येणार नाही.

त्या थंडीत अवकाळी पाऊस झाला आणि माझ्या खोलीची मागची भिंत बसली. मी कुणाला काही बोलले नव्हते. अंगावरच्या साडीला चिखल बघून आक्कांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून रुमालात बांधलेले पैसे काढून माझ्या हातात ठेवले. मुलानं पाठवलेल्यातून साठवलेले. तुझ्या सवडीनं दे, म्हणाल्या. पुन्हा तेच, सुनेला सांगू नगंस. माझी भिंत त्या पैशांची आहे. मी अजून त्याच खोलीत राहते.

शिमगा जवळ आला होता. वहिनींनी क्वार्टरला चुना लावून घेतला. आणि एका सकाळी मी पातेलं घेऊन गेले तर अंगणात फौजी गाडी उभी. शेजारची हमीरपूरवाली बाई भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून उभी होती. भाऊंची गाडी बर्फातल्या रस्त्यावरून दरीत गेली होती, कुणी वाचलं नव्हतं. तीट बांधलेली होती आणि भुकेनं ओरडत होती. इतकी माणसं होती, पण तिला कुणी काही दिलेलं नव्हतं. मी भात निववला, पुडी कालवली आणि तिला घातला. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

त्या दोघी भाऊंना घेऊन गावी गेल्या. तीट माझ्याकडे राहिली. काही आठवड्यांनी क्वार्टर रिकामं करायला परत आल्या. वहिनींच्या अंगात नुसतं काम होतं, ट्रंका बांधत होत्या, याद्या करत होत्या. मी तीटला घेऊन गेले. ती आता पूर्ण वाढलेली, काळी कुळकुळीत. तिनं आक्कांना बघितलं आणि साखळी माझ्या हातातून सुटली. दोन्ही पाय त्यांच्या मांडीवर ठेवून ती त्यांचं तोंड चाटू लागली. आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"कुत्रं वाचलं, सुशे."

एवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं, मी पाय धरले असते. इतकी वर्षं मी ते वाक्य उलटंसुलटं करून बघितलं आहे. डॉक्टरांना एकदा विचारलंही, पोळी बंद करायला सांगितली ती चूक होती का? त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, आपने कुत्ता बचाया, बाईजी. मला ते माहीत होतं. मी ते विचारलं नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, आई, तीटला घेऊन जाऊ, यांची आठवण. मला वाटलं आक्कांना ती डोळ्यांसमोर नको असेल. पण त्या म्हणाल्या, "नगं. गावात येणारा-जाणारा समदा भाकरी टाकतो. हिला सोसायचं न्हाई. सुशी हाय हितं." आणि साखळी माझ्या हातात दिली. निघताना मी पैशांचं म्हटलं. मनिऑर्डरनं पाठवते म्हटलं. त्यांनी हो म्हणून मान हलवली.

पुढे मी पैसे पाठवत गेले. जमेल तसे, सणासुदीला. मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली निरोपाला चिंचोळी जागा असते. पोस्टातला बाबू विचारायचा, कुछ लिखना है? तिथं मी प्रत्येक वेळी तेवढंच लिहायचे, तीट बरी आहे. काही दिवसांनी पोचपावती परत यायची, तिच्यावर आक्कांचा अंगठा. निळ्या शाईचा, एका बाजूला जरा फाटलेला, बहुतेक विळ्यानं कापल्याची खूण असेल. दुसरं काही नाही. वहिनींना नोकरी लागून त्या पुण्याला गेल्या असं ऐकलं. आक्का गावातच राहिल्या, कारण अंगठा तिथूनच येत होता.

पहिल्यांदा मी थोडे थोडे पाठवत होते ते परिस्थितीमुळे. नंतर कामं वाढली, मुलगीही कमावू लागली. एकदम सगळे फेडता आले असते. मी फेडले नाहीत. उलट रक्कम आणखी लहान करत गेले. बाबू म्हणायचा, बाईजी, इससे ज़्यादा तो कमीशन लग जाएगा. मी लगने दो म्हणायचे.

तीट माझ्याकडे पुष्कळ वर्षं होती. मी गव्हाचा कण तिच्या तोंडाला लागू दिला नाही. शनिवारी मी मारुतीहून आले की ती दारात बसलेली असायची, तांदळाच्या भाकरीसाठी. म्हातारपणी तिचं पोट पुन्हा ढासळलं. या वेळी पुडीनं काही झालं नाही, ताकानंही नाही. डॉक्टर तोवर वारले होते, नवीन आले ते भले होते, त्यांनी हात लावून बघितलं आणि सांगितलं की आता वय आहे, हिला त्रास देऊ नका. तिनं माझ्या त्या भिंतीपाशीच जीव सोडला. उन्हाळा होता आणि तिला भिंतीचा गारवा आवडायचा.

त्या दिवाळीला आक्कांची थोडीच रक्कम उरली होती. ती आणखी तोडता आली असती. मी फॉर्म घेऊन पोस्टाच्या बाकावर बसले. बाबूनं नेहमीप्रमाणे विचारलं, वही लिखना है? मी नको म्हटलं आणि निरोपाची जागा कोरी ठेवली. उरलेले सगळे पैसे भरले.

पोचपावती यायला त्या वेळी जास्त दिवस लागले. आली. अंगठा तोच होता, तीच फाटलेली बाजू, पण शाई जागोजाग विस्कटलेली, जसा काही तो कागदावर नुसता टेकला नव्हता, बराच वेळ दाबून धरला होता. पैसे पूर्ण फिटले.